कात्री थरथरेल असा अ‍ॅम्प

स्पीकरला पट्टा बांधल्याशिवाय गाडी गप्प बसायला तयार नव्हती. धाकटीने तो पुढच्या सीटवर ठेवला होता, आणि गाडीची समजूत अशी झाली होती की कुणीतरी चांगला जाडजूड माणूस शेजारी येऊन बसलाय आणि सीटबेल्ट लावायचं नाव काढत नाही. टीं टीं टीं करून तिने पहिल्या वळणापर्यंत डोकं उठवलं. शेवटी धाकटीने गाडी बाजूला घेतली, पट्टा ओढून त्या लाकडी पोटावरून आणला, खट्‌कन अडकवला आणि म्हणाली, "झालं समाधान?" हे ती गाडीला म्हणाली की स्पीकरला, ते तिचं तिलाच ठाऊक.

तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. पन्नाशी हाकेवर आली, दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवण्यात तिचा हात धरणारं कुणी उरलं नाही, तरी ती धाकटीच. थोरला एकच, दादा. तो गाडी चालवायला शिकवायचा. त्याच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी ब्रेक असे तसा दादाच्याही पायाशी असे, आणि त्याच्या बायकोचं, म्हणजे वहिनीचं, म्हणणं होतं की घरात बसल्या बसल्याही त्याचा उजवा पाय कुठल्यातरी न दिसणाऱ्या ब्रेकवरच असतो.

आता या स्पीकरची गोष्ट सांगायची तर त्या भावंडांच्या मूर्खपणाची सांगावी लागते. त्यांचे बाबा शिंपी. दुकानात मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल आणि त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढे उंच दोन स्पीकर, कुठल्याशा बंद पडलेल्या हॉलमधून आणलेले. दिवसभर रेकॉर्डी वाजत. गाण्यातला खालचा, पोटातला आवाज आला की टेबलावर ठेवलेली बाबांची मोठी कात्री थरथरायची. बाबा हातातला खडू थांबवून म्हणत, "कात्रीला आवडलं." ज्या गाण्याला कात्री हलली नाही ते गाणं बाबांच्या लेखी अजून पास व्हायचं होतं.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. घर, दुकान यांवरून कुणी चकार शब्द काढला नाही, पण स्पीकरवर दोघंही अडून बसले. दोघांनाही ते हवे होते आणि दोघंही बाबांचेच नमुने. तेव्हा मामांनी मध्यस्थी केली. मामांचा हिशेब सरळ होता. वस्तू दोन, मुलं दोन, घ्या एकेक. त्याच न्यायाने रेकॉर्ड प्लेअर धाकटीला आणि रेकॉर्डी दादाला गेल्या. अ‍ॅम्प्लिफायर तेवढा आधीच जळालेला होता, म्हणून त्याच्यावरून भांडण झालं नाही. इतक्या हुशार माणसांच्या घरात जोडी ही जोडी असते, हे एकालाही सुचलं नाही, आणि सुचलं असेल तर रागाच्या भरात बोललं गेलं नाही. तेव्हापासून धाकटीच्या स्पीकरवर इस्त्रीचे कपडे आणि दादाच्या स्पीकरवर वहिनीची कुंडी. येणं-जाणं होतं, बोलणं होतं, फक्त स्पीकरचा विषय कुणी काढत नसे.

तो विषय शुक्रवारी निघाला. दादाकडे गाडी शिकणारा एक कॅफेवाला लायसन्सचे कागद द्यायला घरी आला, त्याने कुंडीखालचं ते लाकूड पाहिलं आणि विचारलं, याची जोडी आहे का? त्याला कॅफेच्या दारात दोन्हीकडे ठेवायचे होते. आतलं सगळं काढून टाकायचं, वर दिवे बसवायचे. रविवारी संध्याकाळी टेम्पो घेऊनच येतो म्हणाला. दादाने धाकटीला फोन केला, आणि "आतलं सगळं काढून टाकायचं" हे शब्द ऐकून तिच्या हातातली अर्धवट घासलेली कवळी खाली पडली.

"दादा, तू हो म्हणालास?"

"अगं, ते वाजतात तरी का आता? तुझ्याकडे इस्त्री, माझ्याकडे कुंडी. निदान कुणीतरी पुसून तरी ठेवील."

"मी वाजवून दाखवते. रविवारी तुझा घेऊन ये माझ्याकडे. रेकॉर्डी पण आण."

दादाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, "एक काम करू. बाबांची कात्री माझ्याकडे आहे. तीही आणतो. टेबलावर ठेवू. थरथरली तर जोडी कुठेही जाणार नाही, कॅफेवाल्याला मी बघून घेतो. नाही थरथरली तर तू मध्ये बोलायचं नाहीस."

"ठरलं," धाकटी म्हणाली. फोन ठेवला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायरच नाही.

म्हणून ही रविवार सकाळची वरात. शेजारी पट्टा बांधलेला स्पीकर, आणि उत्साह असा की जणू शाळेची सहल निघाली आहे. नवीन अ‍ॅम्प घेणं तिच्या ऐपतीबाहेरचं होतं. ती दोन दिवस रात्रंदिवस जाहिराती बघून बघून त्या बाबतीत पक्की शहाणी झाली होती. जुना, चालू आणि परवडणारा, एवढंच हवं होतं. आणि कात्री हलवणारा.

दुकानाच्या मालकाला सगळे खरखरमास्तर म्हणत, कारण कुणीही काहीही घेऊन आत आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. आजही तसंच झालं.

"खरखर कधीपासून?"

"खरखर नाही हो मास्तर, काहीच नाही. याला वाजवणारा अ‍ॅम्प हवाय. याचा जोडीदार दुपारी येतोय."

मास्तरने काम बाजूला ठेवलं. जमिनीपासून छतापर्यंत अ‍ॅम्प, टेप आणि रेडिओ रचलेले, त्यांच्यामधून वाट काढत तो आला आणि स्पीकरच्या पोटावर बोटांनी टकटक केली. पुढची जाळी काढली. आतल्या मोठ्या कागदी शंकूवर बोटांची टोकं ठेवून तो अलगद आत दाबला आणि सोडला. कुठे घासल्याचा आवाज नाही.

"कापडी कडा आहेत, ताई. फोमच्या असत्या तर आतापर्यंत भुगा झाला असता. जपलात हं."

धाकटीला आपल्या पोराचं कुणी कौतुक केल्यासारखं झालं. इस्त्रीच्या कपड्यांबद्दल तिने काही सांगितलं नाही.

"खोली केवढी?"

"जेवायची खोली. टेबल, खुर्च्या आणि माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी वाट."

"मग फार ताकद नको. हे जुने स्पीकर खातात कमी आणि गातात जास्त. थोड्या वॉटमध्ये घर डोक्यावर घेतील. आणि वाजवणार काय?"

"रेकॉर्डी."

"मग मागे रेकॉर्ड प्लेअरची वेगळी खाच हवी. ती नसेल तर सुईतून मुंगीएवढा आवाज येईल."

मास्तरने पहिला अ‍ॅम्प काढला तो निळ्या दिव्यांचा. चालू करताच त्याच्या तोंडावर एवढी रोषणाई झाली की धाकटीला हसू आलं. वॉटचा आकडा पुढेच मोठ्या अक्षरांत छापलेला. तिने तो दोन्ही हातांनी उचलायला घेतला आणि तो एका हातातच आला.

"मास्तर, हा आतून रिकामा आहे का?"

"रिकामा नाही, आशावादी आहे. बाहेर छापलेलं सगळं मनापासून खरं मानतो."

मागे रेकॉर्ड प्लेअरची खाचही नव्हती. निळे दिवे बाद झाले.

दुसरा पाहिला आणि धाकटी जागच्या जागी थांबली. रुंद, चंदेरी, पुढे दोन काचेच्या खिडक्या आणि त्यांत आवाजाबरोबर डोलणाऱ्या सुया. नुसता बघत बसावा असा. मास्तरने तो दुकानातल्या एका छोट्या स्पीकरवर वाजवून दाखवला. तिने त्याच्या मोठ्या बटणावर बोट फिरवलं, आणि आवाज एकदम गेला. पुन्हा फिरवलं, आला.

"हा रुसतो अधूनमधून," मास्तर म्हणाला. "काढून देईन त्याचं रुसणं, पण आठवडा द्या." आणि त्याने किंमत सांगितली. धाकटीने बोट बटणावरून उचलून घेतलं. आठवडाही नव्हता आणि तेवढे पैसेही नव्हते. तरी दुकानातून निघेपर्यंत ती त्या सुयांकडे वळून वळून बघत होती, हे मान्य करायला हवं.

तिसरा तिने स्वतःच शोधला. दोन बिघडलेल्या टेपखाली दबलेला, तपकिरी लाकडी कवचाचा, ठेंगणा. एक बटण भलत्याच कुठल्यातरी यंत्राचं बसवलेलं, त्यामुळे चेहरा सोंगाड्यासारखा. तिने उचलायला घेतला आणि "आई गं" म्हणून खाली ठेवला. एवढासा जीव आणि हे वजन!

"आतला ट्रान्सफॉर्मर," मास्तर म्हणाला, आणि पहिल्यांदाच थोडा खुलला. "तांबं आणि लोखंड. वजन खोटं बोलत नाही. पण दिसायला असा, म्हणून कुणी बघत नाही त्याच्याकडे."

पण धाकटी काही वजनावर भाळणारी नव्हती. वरची कवळी खालच्या दातांवर नीट बसते की नाही हे ती रंगीत कागद चाववून ठिपका ठिपका तपासणारी बाई. मास्तरने तो तिच्या स्पीकरला जोडला. गाणं न लावता तिने आवाजाचं बटण पार टोकापर्यंत नेलं आणि स्पीकरला कान लावला. हलकीशी सूं, बाकी शांतता. प्रत्येक बटण सावकाश डावीकडून उजवीकडे नेलं. एका ठिकाणी जरा कुरकुरलं; मास्तरने एक फवारा मारला, बटण पाच-दहा वेळा फिरवलं, कुरकुर गेली. मग तिने फोनवरचं गाणं लावलं आणि आवाज अगदी कुजबुजीएवढा ठेवला, कारण मोठ्याने कुणीही ओरडू शकतं.

आणि तो स्पीकर गायला. इतकी वर्षं तोंडावर कपड्यांचा ढीग घेऊन बसलेला तो स्पीकर असा काही गायला की धाकटीच्या अंगावर सरसरून काटा आला. गाणाऱ्या बाईने शब्दाआधी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. तिने आवाज वाढवला. खालचा, पोटातला आवाज फरशीवरून तिच्या तळपायांत शिरला. "अगं बाई! अगं बाई गं!" असं ती भर दुकानात ओरडली, आणि दाराशी इस्त्री दुरुस्तीला घेऊन आलेले एक आजोबा दचकून मागे सरले.

तिने अ‍ॅम्पच्या पाठीवर तळहात ठेवला. कोमट. चहाच्या कपाला बाहेरून हात लावल्यासारखा. मास्तरने सांगितलेली किंमत ऐकून तिने घासाघीस करायची म्हणून केली, पण तिचा चेहराच तिला फितूर होता. दोघांनाही ते कळत होतं.

"घरी नेऊन वाजवा. नाही पटला तर उद्या परत आणा, मी काही पळून जात नाही," मास्तर म्हणाला. "आणि तारा लावताना वीज बंद ठेवा. लाल चापात लाल तार, काळ्यात काळी."

"आमच्या तारांना रंग नाही. दोन्ही तपकिरी. पण बाबांनी एकेका तारेला पिवळ्या दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय."

मास्तर एव्हाना आजोबांच्या इस्त्रीकडे वळला होता. "मग गाठ दोन्हीकडे एकाच रंगात," तो मान न वळवता म्हणाला. सल्ला सोळा आणे बरोबर होता. कुठल्याही शहाण्या घरासाठी.

दादा दुपारी आला तो शिकवणीच्या गाडीतून, टपावर त्याच्या शाळेची पाटी आणि मागच्या सीटवर आडवा स्पीकर. पुढे वहिनी, मांडीवर रेकॉर्डींचं खोकं. दादाने स्पीकर खाली उतरवला तो लहान मुलासारखा कवेत धरून. वरती कुंडीचा गोल डाग उठलेला होता. धाकटीने तो पाहिला, दादाने तिला पाहताना पाहिलं आणि तो घाईघाईने म्हणाला, "पाणी खाली जाऊ दिलं नाही कधी. खाली बशी होती."

"दोन बश्या," वहिनी म्हणाली. "एक ओली झाली तर मला रात्री उठवायचे."

जेवायच्या टेबलाच्या दोन अंगांना दोन स्पीकर उभे राहिले. डावा धाकटीचा, उजवा दादाचा, दुकानात होते तसेच. मध्ये टेबल. धाकटीने जाळ्या काढून ठेवल्या, प्लग काढला आणि गुडघ्यांवर बसून तारा लावायला घेतल्या. दोन्हीकडची पिवळी गाठ लाल चापात, उरलेली तार काळ्या चापात. कात्रीच्या आधी तीच थरथरायला लागली होती. दादाने टेबलावरचं सगळं हलवलं आणि पिशवीतून कात्री काढली. बाबांची मोठी, काळ्या मुठीची कात्री. ती त्याने नेमकी मधोमध ठेवली.

दादाने बाबांची आवडती रेकॉर्ड काढली, जिच्या पहिल्याच वळणाला कात्री हलायची. धाकटीने सुई ठेवली.

गाणं सुरू झालं. आणि कसलं ते गाणं! बाईचा आवाज खोलीत कुठून येतोय तेच कळेना, जणू ती दुसऱ्या खोलीतून, उशीत तोंड खुपसून गात होती. खालचा आवाज तर नव्हताच. डब्यात वाजवल्यासारखं पातळ, किरटं. धाकटीने आवाज वाढवला. किरटेपणा वाढला. कात्री टेबलावर अशी पडली होती जशी ती जन्मात कधी हललीच नव्हती.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. "दुकानात असं नव्हतं रे. शप्पथ. तळपायातून आवाज येत होता."

दादाने काही टोमणा मारला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण त्याचा चेहरा तिच्याहून पडला होता. तो खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "स्वस्तातला अ‍ॅम्प आहे. त्यात जीव नसेल. किंवा यांच्यातच उरला नसेल." मग हळूच, "साडेपाचला टेम्पो येतोय. इथलाच पत्ता दिलाय मी त्याला."

"थांब." धाकटीने दादाच्या स्पीकरच्या तारा काढल्या. एकटा तिचा वाजला आणि खोली भरली. ऊबदार, जाड, खालपासून वरपर्यंत. आता तिचा काढला आणि दादाचा एकटा लावला. तोही तसाच! दादा खुर्चीतून उठलाच. कितीतरी वर्षांनी तो आपल्या कुंडीच्या स्टुलाचा आवाज ऐकत होता आणि त्याचे डोळे हे एवढे मोठे झाले होते. पुन्हा दोन्ही लावले. गेलं सगळं. पुन्हा किरटं.

"म्हणजे वेगवेगळे असले की झकास," वहिनी म्हणाली, "आणि एकत्र आणले की दोघांची वाचा बसते. घराण्याला शोभतंय अगदी."

दादा मात्र अ‍ॅम्पच्या मागे वाकून बघत होता. तो एकदम म्हणाला, "हे काय केलंस तू? गाठ लाल चापात?"

"मग कुठे?"

"काळ्या. गाठ काळ्यात जाते."

"काहीतरीच! मी रोज दुकानात लावायची. बाबांनी मला स्वतः सांगितलंय, धाकटे, गाठ लालमध्ये."

"आणि मला स्वतः सांगितलंय, गाठ काळ्यात. मीही रोजच लावायचो."

"तुझं डोकं फिरलंय."

"बाबांची शप्पथ घेऊन सांगतो."

"मीही घेते!"

बघता बघता वाटणीच्या दिवशीचे दोघं त्या खोलीत उभे राहिले. तेच आवाज, तेच हातवारे. वहिनीने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, नंतर भांडा. आधी तुमचं करून तरी बघा." धाकटीने फणकाऱ्याने प्लग ओढला आणि दोन्हीकडच्या गाठी लालमधून काढून काळ्यात घातल्या. "घे. तुझ्या मनासारखं."

सुई ठेवली. तसंच. अगदी तसंच किरटं. दोघांचेही नियम करून झाले आणि कात्री ढिम्म.

धाकटीला रडूच आलं. तिने सुई उचलली, पण हात धड नव्हता, सुई निसटली आणि रेकॉर्डवर आपटली. दोन्ही स्पीकरमधून धप्प असा आवाज झाला.

"पुन्हा कर," दादा म्हणाला.

"काय?"

"पुन्हा आपट. हलकेच." तो खाली बसला होता, उघड्या शंकूंच्या समोर, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघत. धाकटीने सुई पुन्हा सोडली. धप्प. डावीकडचा शंकू आत गेला. उजवीकडचा बाहेर आला.

"अगं!" दादा जमिनीवर हात आपटून ओरडला. "अगं, हा ॲक्सिलरेटर दाबतोय आणि तो ब्रेक! रोज बघतो मी हे! शिकणारा गाडी पुढे काढतो, मी माझ्या पायाने दाबून धरतो, इंजिन चालू आणि गाडी जागच्या जागी! हा हवा ढकलतोय आणि तो ओढतोय, उरणार काय खोलीत?"

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर टेबलावरच्या कात्रीकडे गेली, आणि तिला एकदम दुकानातलं ते टेबल दिसलं, बाबा दिसले. शर्टाचे दोन पुढचे भाग बाबा शेजारी शेजारी मांडत, आणि खुणेचा पिवळा टाका घालत तो दोन्हींच्या आतल्या कडेला, जिथे ते एकमेकांना भेटतात तिथे. एकाची ती डावी कड, दुसऱ्याची उजवी. शिंप्याच्या हाताला दोन्हीकडे सारखं ठाऊकच नसतं, त्याला समोरासमोर ठाऊक असतं.

"दादा, तू कुठला लावायचास? दुकानात?"

"उजवा. नेहमी उजवा. डाव्याला तू मला हात कुठे लावू द्यायचीस?"

"आणि मी कधी उजव्याला हात लावला नाही. दादा, बाबांनी शर्ट शिवलाय रे! दोन्ही गाठी आतल्या अंगाला, टेबलाकडच्या तारेला मारल्यात. माझ्या स्पीकरची गाठ लालमध्ये जाते आणि तुझ्या स्पीकरची काळ्यात. तू पण बरोबर. मी पण बरोबर!"

तो एक क्षण दोघंही एकमेकांकडे नुसते बघत होते. मग दोघंही एकाच वेळी अ‍ॅम्पच्या मागे घुसले आणि त्यांची डोकी आपटली. प्लग निघाला. तिने आपल्या तारा लावल्या, त्याने आपल्या. दुकानात शटर वर गेल्यावर रोज लावायचे तशा, गुडघ्याला गुडघा लावून, आपली बाजू आपण. "झालं?" "झालं." प्लग बसला. या वेळी सुई दादाने ठेवली.

पहिला सूर आला आणि ती बाई खोलीत आली. उशीतून नाही, पलीकडच्या खोलीतून नाही. टेबलाच्या पलीकडे, दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये, हात लांब केला तर पदर हाताला लागेल अशी उभी राहून ती गात होती. वहिनीने तोंडावर हात ठेवला. मग गाण्यातलं ते पहिलं वळण आलं, खालचा आवाज दोन्हीकडून एकदम उठला, टेबलाच्या पायांतून वर चढला, आणि कात्री थरथरली.

आधी नुसती पाती किणकिणली. मग सगळी कात्री हलायला लागली, काळ्या मुठी लाकडावर टकटक करत, सावकाश सरकत, दादाच्या बाजूला निघाली. धाकटी टाळ्या पिटत होती, हसत होती आणि रडतही होती, आणि त्याची तिला काडीचीही लाज वाटत नव्हती. "कात्रीला आवडलं!" ती ओरडली. "दादा, कात्रीला आवडलं!"

दादाने तळहात टेबलावर पालथा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. त्याचा उजवा पाय, वहिनीने पाहिलं, जमिनीवर ताल धरत होता.

दाराची बेल केव्हाची वाजत होती ती गाणं संपल्यावर ऐकू आली. कॅफेवाला दारात उभा, मागे रस्त्यावर टेम्पो. दादाने त्याला हाताला धरून आत आणलं आणि खुर्चीवर बसवलं.

"बसा. वहिनींच्या हातचा, म्हणजे आमच्या हिच्या हातचा, चहा घ्या. टेम्पोचं भाडं मी देतो. स्पीकर विकायचे नाहीत."

"पण सर, तुम्ही तर म्हणालात ते बंद आहेत."

"मी चुकीचं सांगितलं. ते बंद नव्हते," दादा म्हणाला, आणि खोक्यातून पुढची रेकॉर्ड शोधायला लागला. ते खोकं त्याने धाकटीच्या कपाटाखाली सरकवून ठेवलं होतं, जसं काही ते पहिल्यापासून तिथेच असायचं.

धाकटी एव्हाना सुईदोरा घेऊन अ‍ॅम्पच्या मागे बसली होती. दादाच्या तारेवरची पिवळी गाठ ती नखाने सोडवू बघत होती.

"काय करतेस?"

"तुझी गाठ दुसऱ्या तारेवर घेते. म्हणजे दोन्हीकडे गाठ लालमध्ये. कधी पुसायला, हलवायला काढले तर पुन्हा घोळ नको. मला एकटीला लावता येईल."

दादाने वाकून तिच्या हातातून तार काढून घेतली. गाठ बोटांनी चाचपून घट्ट केली.

"राहू दे तशीच," तो म्हणाला.

"अरे, पण मग दर वेळी तुला बोलवावं लागेल."

"लागेल ना," दादा म्हणाला. त्याने कात्री उचलून पुन्हा टेबलाच्या मधोमध ठेवली. "चल, दुसरी बाजू लाव."